आडवी दांडी

गाडी बंद पडली, पण दोन घरं पुढे. त्यामुळे त्याला ती ढकलत मागे आणावी लागली.

बंद पडलेली मोटरसायकल पुढे ढकलणारी माणसं रस्त्यावर पुष्कळ दिसतात. मागे ढकलणारा हा पहिलाच असावा. एका कुत्र्याने डोकं वर करून पाहिलं आणि यात आपण पडायला नको असं ठरवून ते पुन्हा झोपलं.

शिलाईवाल्या काकू रोजच्यासारख्या दारात मशीन मांडून बसल्या होत्या. शेजारी रिकामं स्टूल. स्टुलावर आज नवी गादी होती, उरलेल्या चिंध्या भरून शिवलेली.

"आलास का, फिल्टर?"

काकूंनी त्याचं नाव कधी विचारलं नव्हतं. नाव विचारलं की ओळख होते, आणि ओळखीच्या माणसाला यायला काहीतरी निमित्त लागतं. बंद पडलेल्या गाडीला लागत नाही.

"पडली परत," तो जमेल तितक्या वैतागाने म्हणाला.

"कचरा?"

"कचराच."

महिनाभर हे असंच चाललं होतं. टाकीतला गंज अडवायला त्याने पेट्रोलच्या नळीत एक फिल्टर बसवला होता. फिल्टर चांगला होता, फक्त मोटारीचा होता. मोटारीत पेट्रोल ढकलायला पंप असतो. या जुन्या गाडीत ते बिचारं आपल्या वजनाने खाली उतरतं. चढावर गाडी जास्त पेट्रोल मागायची आणि फिल्टर जेवणाच्या सुट्टीतल्या कारकुनासारखा थेंब थेंब सोडायचा. चढ संपून काकूंचं दार आलं की गाडी मान टाकायची. पाच मिनिटांत कार्बोरेटरची वाटी भरायची, आणि गाडी काही झालंच नाही अशी चालू व्हायची.

ती पाच मिनिटं तो बोलायचा. दिवसभर तो पाण्याच्या टाकीखाली पंपघरात एकटा असे, आणि पंप कुणाला बोलू देत नाही. काकू ऐकून घ्यायच्या. नळी, वाटी, फिल्टर, सगळं त्यांनी ऐकलं होतं. पेट्रोलच्या कॉकची दांडी खाली म्हणजे चालू, आडवी म्हणजे बंद, हे तर त्यांनी दोनदा विचारून घेतलं होतं.

मग काल मिस्त्रीने घात केला. तो त्याच्याकडे गेला होता नुसतं ऑइल बदलायला. मिस्त्रीने न विचारताच फिल्टर पाहिला, पोट धरून हसला आणि मोटरसायकलचा, साध्या जाळीचा, बसवून दिला.

"आता ही चढावर बंद पडली तर येऊन मला जोड्याने मार."

एरवी मिस्त्री सज्जन माणूस होता.

काल संध्याकाळी गाडी चढ चढली आणि काकूंच्या दारावरून तशीच पुढे गेली. त्याला थांबता आलं नाही. धडधाकट गाडीवरून उतरून माणसाने म्हणायचं काय? आरशात स्टूल लहान लहान होत गेलं.

आज सकाळी त्याने सराव केला. चढाच्या पायथ्याशी कॉक बंद केला, तर गाडी दातांच्या दवाखान्यासमोर थांबली. तिथेही बसायला बाकडं होतं. पण आतून कुणीतरी कोणता दात म्हणून विचारलं, तेव्हा तो उठला.

"काल आला नाहीस," काकू सुई ओवता ओवता म्हणाल्या.

"काल सुट्टी होती."

"सुट्टीच्या दिवशी बराच जोरात जातोस."

तो गादीकडे बघत राहिला. मग काकूंच्या हातातल्या पॅन्टकडे. करड्या रंगाची, खालची दुमड उसवलेली.

"ही गेल्या आठवड्यात झाली होती ना?"

"झाली होती."

"मग?"

"गिऱ्हाईक वाढतंय अजून."

यावर त्याने मान डोलावली. मग त्याने पंपघरातल्या पालीची गोष्ट सांगितली. पाल पंपाच्या आवाजाला सरावली होती, आणि पंप बंद झाला की घाबरून भिंतीवरून खाली पडायची. काकू हसल्या. पाच मिनिटं झाली. आणखी थोडी झाली. पालीबद्दल सांगण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

"बघतो, होते का चालू," म्हणत तो उठला.

किक मारली. काही नाही. पुन्हा मारली. जॅकेट काढून मारली. गाडी ढिम्म. आता मात्र त्याला खरंच घाम फुटला. नवा फिल्टर, स्वच्छ नळी, टाकी भरलेली, मग हिला झालंय काय? मनातल्या मनात त्याने मिस्त्रीला जोड्याने मारायलाही सुरुवात केली.

काकूंनी दाताने दोरा तोडला. पॅन्ट मशीनवर ठेवली. महिनाभरात पहिल्यांदाच त्या मशीनवरून उठून रस्त्यावर आल्या, गाडीपाशी वाकल्या आणि आडवी दांडी बोटाने खाली केली.

त्याने किकवर पाय ठेवला.

"थांब," त्या म्हणाल्या. "वाटी भरू दे."

दोघं गाडीच्या दोन बाजूंना उभे राहिले. पारदर्शक फिल्टरमध्ये पेट्रोल उतरताना दिसत होतं. त्याने ते फार बारकाईने पाहिलं, कारण दुसरीकडे कुठे बघायची सोय नव्हती.

"हं. आता मार."

गाडी पहिल्या किकला चालू झाली. फार मोठा आवाज करते ती. काकूंना ओरडूनच बोलावं लागलं.

"उद्या जरा आधी बंद कर. आज दोन घरं पुढे गेलास."