नावाची जागा

अकराला दहा मिनिटं कमी होती. वॉशिंग्टनजवळच्या हायट्सव्हिलमधल्या मारिसेला फुनेसच्या छापखान्याबाहेर दोन व्हॅन इंजिन चालू ठेवून उभ्या होत्या. आत दोन्ही पक्षांची माणसं एकाच खोक्यातले डोनट खात टीव्हीकडे बघत होती.

सर्वोच्च न्यायालयातली एक खुर्ची रिकामी झाली होती, आणि तिच्यासाठी कोणाचं नाव सुचवायचं ते राष्ट्राध्यक्ष अकरा वाजता सांगणार होते. चर्चेत चार नावं होती, म्हणून भिंतीलगत फलकांचे आठ गठ्ठे होते. ग्रेडी कोल्विन विरोधी पक्षाचा. त्याच्या चारही गठ्ठ्यांवर नावाखाली एकच ओळ होती, ‘यांना रोखा, आपली मुलं धोक्यात आहेत.’ पेज लिंडहोम राष्ट्राध्यक्षांच्या पक्षाची. तिच्या चारही गठ्ठ्यांवर नावापुढे, ‘म्हणजेच न्याय.’ तळाशी बारीक अक्षरांत ज्याच्या त्याच्या पक्षाचं नाव होतं. राष्ट्राध्यक्षांच्या तोंडून नाव निघालं की ज्याचा त्याचा गठ्ठा व्हॅनमध्ये टाकायचा आणि वीस मिनिटांत न्यायालयाच्या पायऱ्या गाठायच्या. कॅमेऱ्यांपुढची जागा पहिल्या येणाऱ्याची. उरलेले सहा गठ्ठे रद्दीत. वरात सजली होती, घोडा दारात होता, नवरदेव तेवढा ठरायचा होता.

ग्रेडीचा चौथा गठ्ठा न्यायमूर्ती एस्टेल व्हिटकोम यांच्या नावाचा होता. तो मारिसेलाने गुरुवारी छापला आणि तेव्हापासून ते नाव तिच्या डोक्यातून जात नव्हतं.

"ग्रेडी, या व्हिटकोमबाईंमुळे मुलं धोक्यात कशी येतात?" तिने विचारलं.

"कोण व्हिटकोम?"

"चौथा गठ्ठा."

"अच्छा, ती." ग्रेडीने बोटांना लागलेली साखर पँटला पुसली. "अहो, तिचे निकाल अजून वाचलेत कोणी? आधी नाव तर येऊ दे."

"मग ही ओळ कोणी लिहिली?"

"ओळ जानेवारीतच ठरली."

"खुर्ची एप्रिलमध्ये रिकामी झाली."

"तयारी नको का?"

पेज हसली. "गेल्या खेपेला हीच ओळ आमची होती, आठवतंय ना? तेव्हा राष्ट्राध्यक्ष यांचे होते. चोर कुठला."

"चांगली ओळ आहे. फुकट कशाला घालवायची?" ग्रेडी म्हणाला, आणि पेजने त्याच्यापुढे शेवटचा डोनट सरकवला.

मारिसेला पेजकडे वळली. "तुम्ही तरी वाचलंय का या बाईंचं काही? त्या म्हणजेच न्याय, असं छापून घेतलंत."

"वाचायला वेळ कुठाय, मारिसेला? नाव मंजूर व्हायला लागणारी सिनेटमधली मतं मोजता मोजता जीव जातोय. एक कमी पडतंय."

मारिसेलाच्या मस्तकात तिडीक गेली. उचलली जीभ लावली टाळ्याला, हे तिला नवं नव्हतं. या धंद्यात तिने दोन्हीकडची जीभ छापून वाळत घातली होती. पण ही बाई तिला ठाऊक होती. बारा वर्षांपूर्वी व्हिटकोमबाई जिल्हा न्यायालयात होत्या आणि मारिसेलाच्या मुलीचा ताबा कोणाकडे, हे त्यांनी ठरवायचं होतं. नवऱ्याच्या वकिलाने पाच मिनिटांत सगळं उरकत आणलं होतं. हिला इंग्रजी येत नाही, ही रात्रपाळी करते, मूल बापाकडे द्या. व्हिटकोमबाईंनी त्याला खाली बसवलं, दुभाष्या मागवला आणि जेवणाची सुट्टी टळून गेली तरी चाळीस मिनिटं मारिसेलाचं ऐकलं. त्या संध्याकाळी सहा वर्षांची येसेनिया आईबरोबर घरी आली. तू कोणत्या पक्षाची, असं त्या बाईने विचारलं नव्हतं. मारिसेलानेही नाही.

टीव्हीवर राष्ट्राध्यक्ष आले. आभार, देश, राज्यघटना. मग नाव. एस्टेल व्हिटकोम.

ग्रेडी अर्धा डोनट टाकून चौथ्या गठ्ठ्याकडे धावला. मारिसेला त्याच्याआधी तिथे पोचली आणि गठ्ठ्याला पाठ लावून उभी राहिली.

"हा मिळणार नाही."

"मारिसेला, चेष्टा नको. वीस मिनिटं आहेत."

"ते बाकीचे तीन न्या. ओळ तीच आहे."

"दुसऱ्यांची नावं घेऊन काय करू?"

"तुम्हाला नावाने काय फरक पडतो?"

ग्रेडीचा चेहरा लाल झाला. "पुढच्या निवडणुकीचं एक पान मिळणार नाही तुम्हाला. दुकानाला कुलूप लागेल."

"लागू दे." ती जागची हलली नाही.

पेजने तोवर आपला गठ्ठा उचलला होता. "शाबास. तुम्ही आमच्यातल्या निघालात की."

"मी तुमच्यातलीही नाही," मारिसेला म्हणाली. "उद्या हिच्याच नावावर तुम्ही ‘रोखा’ छापून मागाल."

तिने हात लांबवून कपाटामागचा एक फलक ओढून काढला आणि छातीशी धरला. गुरुवारी बाकीचं काम संपल्यावर तिने तो स्वतःसाठी छापला होता. काळ्या अक्षरांत एवढंच होतं, ‘हिने माझं ऐकून घेतलं.’

"मी पण येतेय पायऱ्यांवर," ती म्हणाली.

दोघेही थबकले.

"हा कोणाचा?" ग्रेडीने विचारलं.

"म्हणजे कोणत्या बाजूचा?" पेजने विचारलं.

आणि उत्तराची वाट न बघता दोघेही एकदमच वाकले. डोळे बारीक करून ते फलकाच्या अगदी तळाशी, जिथे पक्षाचं नाव असतं तिथे, शोधू लागले.