राहीबाईची गोळी विम्यात बसते का?

"खाटंवर पडल्याबिगर गोळ्या मिळायच्या न्हाईत? हे कसलं वो शास्त्र?" केरबांनी डॉक्टरांची चिठ्ठी पुन्हा टेबलावर सरकवली.

साताऱ्याच्या विमा कचेरीतल्या नीलिमा मॅडमनी चष्मा काढला. "आजोबा, पेशंट दवाखान्यात दाखल झाला तरच औषधाचा खर्च मिळतो. घरी घ्यायच्या गोळ्यांचा नाही. म्हाताऱ्या माणसांनाही नियम तोच."

"आन् ती तर घरीच इसरायला लागलीया की!"

मॅडमना हसू आलं. केरबा मात्र हसले नाहीत. रहिमतपुराहून एस.टी.नं ही त्यांची तिसरी खेप होती. सरकारी काम अन् सहा महिने थांब म्हणतात, ते काय उगाच?

त्यांच्या राहीबाईला विस्मरणाचा आजार जडला होता. गोळी नवीन, पुण्याहून मागवायची, आणि किंमत ऐकूनच घाम फुटावा अशी. डॉक्टर म्हणाले होते, आजार जायचा नाही, पण एखाद्याला काही दिवस माणसं ओळखू येतात. केरबांना तेवढंच हवं होतं. वर्षभर राहीबाई त्यांच्याशी बोलली नव्हती. त्यांच्या हातचं जेवायची, पण बघायची अशी, जणू एस.टी.त शेजारी बसलेला कुणी परका उतारू. चूल ओळखते, गाय ओळखते, आणि नवऱ्यालाच विसरते, हा काय न्याय झाला?

"लग्नाला किती वर्षं झाली?" मॅडमनी विचारलं.

"पासष्टच्या लढाईत आमचा थोरला भाऊ गेला. वरीस सरलं, आन् वडीलधाऱ्यांनी आमचं उरकलं." केरबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "लय बोलकी वो. आता एक शबूद न्हाई. तिन्हीसांजंला उंबऱ्यावर वाट बघत बसती. माझीच बघत आसंल, दुसऱ्या कुनाची? पर मी म्होरं हुबा ऱ्हायलो तरी नजर आपली रस्त्याकडं."

मॅडम उठून आत साहेबांकडे गेल्या. परत आल्या त्या जरा उजळ चेहऱ्यानं. "आजार विमा घेतल्यानंतरचा ना?"

"व्हय तर."

"मग डॉक्टरांना विचारा, तपासणीसाठी दाखल करायची गरज आहे का. तिथं ही गोळी सुरू झाली, तर घरी आल्यावरही साठ दिवस विम्यात बसते."

केरबांना वाटलं, या लेकीच्या पायाच पडावं.

डॉक्टरांना तपासण्या करायच्याच होत्या. चार दिवस राहीबाई दवाखान्यात राहिली, गोळी सुरू झाली, आणि दोघं घरी आली.

केरबा रोज चहाबरोबर गोळी द्यायचे. जीव नुसता टांगणीला. बायकोनं ओळखावं म्हणून म्हातारा रोज दाढी करू लागला, इस्त्रीचा सदरा घालू लागला. शेजारची हरणाबाई कशाला सोडते! "केरबाआण्णा, नवरदेवावानी नटताय की वो!"

"नटतोय. तुझं काय जातंय?"

महिना गेला. काही फरक नाही. केरबांनी मनाशी हात टेकले, पण दाढी करायचं सोडलं नाही.

एका संध्याकाळी ते मळ्यातून परतले. राहीबाई उंबऱ्यावर होती. तिची नजर रस्त्यावरून फिरत आली आणि त्यांच्या तोंडावर थांबली. थांबली ती हलेचना.

केरबांच्या हातातलं वैरणीचं ओझं खाली पडलं. "राहे... मला वळाकलंस?"

"आगं बया! न वळकायला काय झालं?"

तोच खट्याळ आवाज! केरबांचे डोळे भरून वाहू लागले. जन्माचं सार्थक झालं, पांडुरंगा! वर्षभराचा वनवास एका क्षणात फिटला होता. ते तिच्या पायाशी खालीच बसले. राहीबाई नव्या नवरीसारखी लाजली, पदर सावरला आणि रस्त्याकडं बघत हळूच म्हणाली,

"भावजी, तुमचं दादा कवा येनार वो लढाईवरनं?"