ललितची माय येईपर्यंत

हिलालने दाराची कडी काढली तेव्हा मालतीबाई मोरीत त्याचे पायजमे धूत होती. ओल्या हातानेच पळाली आणि दार अडवून उभी राहिली.

"कुठं चालले, मास्टर?"

लूमच्या खात्यात, कापडाच्या कारखान्यात, सगळे त्याला मास्टरच म्हणायचे. दुसऱ्या कुठल्या हाकेला तो आता वळत नव्हता.

त्याला स्टेशनवर जायचं होतं. भुसावळहून ललितची माय येणार, सामान कोण उचलणार? मागे असाच निघाला आणि पलसाण्याला हायवेवर सापडला, ट्रकांच्या मधोमध. तेव्हापासून पोरगा ललित हजीऱ्याच्या प्लांटमधून रोज जेवणाच्या सुट्टीत फोन करायचा. एकच विचारायचा, दार बंद आहे ना.

सकाळी हिलालने ताट भिंतीवर मारलं होतं. परक्या बाईच्या हातचं खाणार नाही, म्हणे. मालतीबाईचं डोकंच फिरलं. मरा एकदाचे, असं तोंडावर बोलून गेली. 

आता त्याने तिला ढकललं. म्हातारा झाला तरी लूमवरचे हात होते ते.

"सरक. ललितनी माय येई, तुले हाकली देई."

दवाखान्यातली ताई, इथे तिला बेन म्हणत, आजारी माणसांना सांभाळणाऱ्या बायकांना शिकवायची. जीव घाबरला की आधी खाली बसा, छातीवर हात ठेवा, श्वास येतो-जातो तेवढं बघा. मैत्रिणीशी बोलता तसं स्वतःशी बोला. मालतीबाईला हसू यायचं. बसायला वेळ कुणाला आहे?

आज मात्र ती उंबऱ्यात बसली. छातीवर हात ठेवला. दमलीस गं, ती स्वतःला म्हणाली. किती दमलीस, बाई.

हिलाल थांबला. बसलेल्या बाईला ओलांडून जायची त्याची रीत नव्हती. तो समोर उकिडवा बसला. तिच्या तोंडाकडे बघत राहिला. मग खात्यातल्या बायकांशी बोलायचा तसं हळू बोलला. परक्या घरी दिवसभर राबतेस, घरी कोणी वाट बघत असेल. तुझ्या माणसाला बोलावतो, तो येऊन घेऊन जाईल. तो येईपर्यंत मी इथून हलत नाही.

"तुना नवरानं नाव काय शे?"

 मालतीबाईकडच्या बायका नवऱ्याचं नाव तोंडात घेत नाहीत. तिनेही उभ्या जन्मात घेतलं नव्हतं. तो वाट बघत होता.

"हिलाल," ती म्हणाली.