धर्मशाळेचा शेवटचा नियम

'नियमात बसत नाही' असं पडद्यावर दुसऱ्यांदा उमटलं, तसं बसम्मानं खाली ठेवलेलं गाठोडं परत उचललं. यात्रेला ती एकटीच आली होती.

केदारनाथअप्पा जागचे उठले. कपिलधारच्या वाटेवरल्या या धर्मशाळेचे ते कारभारी. पुढाऱ्यांची माणसं चिठ्ठ्या आणून खोल्या बळकावतात, म्हणून यंदा त्यांनीच पंचांपुढं हट्ट धरून कॉम्प्युटर आणवला होता. बीडच्या क्लासमधल्या स्वप्नालीनं त्यात अशी सोय केली होती, की नियम साध्या मराठीत लिहायचे. ते वाचून यंत्रच खोली देणार किंवा नाकारणार. अप्पांनी नियम सांगितले : कुटुंबाला खोली, भजनी मंडळाला ओसरी, आजाऱ्याला खालचा मजला. एकट्या बाईला स्वयंपाकघराशेजारची खोली, हे तर इतकं ठरलेलं, की लिहायचं कुणाला सुचलंच नाही.

"द्या की मशीन सोडून हातानं," दारातून बंकट म्हणाला. तो एका पुढारी साहेबांच्या जीपचा ड्रायव्हर. पाहुण्यांसाठी खोल्या अडवायला आला होता आणि त्यालाही तेच उत्तर मिळालं होतं. "मंग आमाला बी द्या. आमच्याच टायमाला काहून मशीन आडवी येती?"

मंडपात कीर्तन उभं राहिलं होतं. एरवी टाळ वाजला की अप्पांचे पाय थांबत नसत.

त्यांनी बसम्माला बसवलं. एकट्या बाईचा नियम घालू का, असं कॉम्प्युटरपुढं बसलेल्या स्वप्नालीला विचारलं. ती म्हणाली, घाला. पण उद्या नियमात विसरलेलं आणखी कुणी येईल.

अप्पांनी बसम्माचं गाठोडं तिच्या हातातून घेऊन खाली ठेवलं.

"शेवटी लिही पोरी," ते म्हणाले. "जो दारात उभा हाय, आन् ज्याच्याबद्दल आमी काहीच लिहिलं न्हाई, त्याला आत घ्यायचं."

बसम्माला खोली मिळाली. या नियमात आपलेही पाहुणे बसतील म्हणून बंकट लगबगीनं पुढं झाला. साहेबांचे पाहुणे दारात उभे आहेत का, असं स्वप्नालीनं विचारलं, तर ते उद्या येणार होते. तो पुटपुटत वळला.

"आन् तू आज निजणार कुठं रं?" अप्पांनी विचारलं.

"जीपमधी. ड्रायव्हर अजून कुठं निजतो?"

"पूर्ण नाव सांगा," कीबोर्डवर बोटं ठेवत स्वप्नाली म्हणाली.

कुणाला विचारलं ते बघायला बंकटनं मागं वळून पाहिलं. मागं कुणीच नव्हतं.