पावलावरचा लाल डाग

सकाळी अकरा वाजता देवीच्या उजव्या पावलावर लाल डाग दिसला. साडेअकराला फहदसाहेब तिला पाहायला येणार होते.

"आई, हे काय केलंत तुम्ही?" मुग्धाने विचारलं.

मूर्ती बघायला तिच्याबरोबर आलेल्या तिच्या सासूबाई, लतिकाबाई, ओशाळल्या. "अगं, उमा ना ती? देवीसमोर नुसती उभी कशी राहू? तू फोनवर होतीस, तेवढ्यात लावलं."

उमा कंबोडियाची. हजार वर्षांपूर्वीची ख्मेर मूर्ती, वालुकाश्मात घडवलेली. हात तुटलेले, नेसणीच्या चुण्या मात्र आत्ताच घातल्यासारख्या. शारजातल्या आपल्या खासगी संग्रहालयासाठी फहदसाहेबांनी ती विकत घेतली होती. महिन्यापूर्वी गोदामात संग्रहालयाची तज्ज्ञ म्हणून मुग्धानेच तपासून ती अस्सल असल्याचं सांगितलं होतं. गोदामाची एक किल्ली तिच्याकडे, दुसरी मॅनेजर संजयकडे. काल मूर्ती दालनात बसवून झाल्यावर त्याने आपली किल्लीही तिच्या हातात ठेवली. "घे, आता तूच मालकीण," तो हसून म्हणाला होता.

मुग्धाने ओल्या कापसाने डाग टिपला. तो आणखी लाल झाला.

तेवढ्यात संजय आला. डाग पाहून जागीच थबकला. "कोणी केलं?"

"सासूबाईंनी. सर, केस होईल. माझी नोकरी जाईल, मुलांचे व्हिसा माझ्यावर आहेत."

"पाणी लावू नकोस," तो घाईने म्हणाला. "लॅबलाही फोन नको. पायाशी फुलं ठेव, लाइट डिम कर. साहेब लांबूनच बघतील. मी खाली जाऊन त्यांना घेऊन येतो. घाबरू नकोस, मी आहे ना. यल्ला, चल लवकर!"

मुग्धाला रडू आलं. एरवी चहाच्या डागावरूनही ओरडणारा माणूस आज तिला सांभाळून घेत होता.

तिने फुलं रचायला घेतली. "चिमूटभर कुंकवापायी आई, आपल्याला हा देश सोडावा लागेल."

"कुंकू?" लतिकाबाई चमकल्या. "कुंकवाची डबी तर अल मजाजला घरीच राहिली. पर्समध्ये हळदीची पुडी होती. बाटलीतल्या पाण्यात कालवून तीच लावली. मीही मघापासून तेच बघतेय, पिवळी हळद लाल कशी झाली?"

त्या गुडघ्यावर हात टेकून वाकल्या.

"दगडावर अशी होत नाही गं. चुन्यावर होते, सिमेंटवर होते. माझी आई घरी कुंकू असंच करायची, हळदीत चुना घालून."

मुग्धाने पावलाच्या कडेला नख मारलं. नखात राखाडी भुकटी आली.

लिफ्टचं दार उघडलं. फहदसाहेब बाहेर आले. त्यांच्यामागे दोन पोलीस होते. संजय नव्हता.

"मूर्ती बदलल्याचं संजयने खाली मला सांगितलं," ते शांतपणे हिंदीत म्हणाले. "गोदामाच्या दोन्ही किल्ल्या तुमच्याकडेच आहेत ना?"