जास्तीचे बारा शब्द

त्र्याहत्तरच्या दुष्काळात कॉलेजच्या बोर्डिंगात फुकट जागा एकच होती आणि अर्ज माझाही होता, दोस्त सहादेवचाही. ‘मला का शिकायचंय’ शंभर शब्दांत टाईप करून द्यायचं. एकही जास्त झाला की अर्ज बाद. नगरच्या कचेरीबाहेर मी टायपिंग करायचो, म्हणून त्यानं त्याचा कागदही मलाच दिला. “बारा शब्द जास्त झाल्यात गड्या, तूच छाट.” मी एकच वाक्य छाटलं: ‘दिवसभर खडी फोडून आई येते, वाचता येत नसलं तरी माझी वही उघडते.’ मला आई आठवतसुद्धा नाही. इतका जळलो, की ते वाक्य माझ्या तोकड्या निबंधात टाईप केलं. जागा मला मिळाली. प्राचार्यांनी तेच वाक्य सगळ्यांसमोर वाचलं. बाहेर आल्यावर सहादेव म्हणाला, “जागा घेतलीस, घे. पन आई पायजे हुती तर घरी यायचं की रं.”