कुंपणाच्या आतलं गवत

कुंपणाच्या आत, कमरेएवढ्या गवतात, मॅडमना मेंढीच्या लेंड्या सापडल्या. एखाद-दुसरी नव्हे, चांगल्या ओंजळभर.

मॅडम वाकून बघू लागल्या. गवताचा अभ्यास करण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. अकरा वर्षांपूर्वी माळाचा हा तुकडा त्यांनी तारेनं बंद केला, तो एकही जनावर आत शिरू नये म्हणून. दर वर्षी पावसाळा संपला की त्या यायच्या, आतलं आणि बाहेरचं गवत कापून, वाळवून, तोलून बघायच्या. आतलं दुप्पट भरायचं. त्यावर त्यांना बढती मिळाली होती. सोमवारी अहवाल जाणार होता: माळ वाचवायचा तर मेंढ्यांना कायमची बंदी घाला.

मेंढ्या होत्या त्या एका मावशीच्या. बंदी आली की तिला कळप विकावा लागणार, हे मॅडमना ठाऊक होतं आणि त्याचं वाईटही वाटायचं. मावशी आत्ता तारेपलीकडेच उभी होती.

“मावशी, मेंढ्या आत कशा आल्या?”

“मीच सोडते, तार उचलून. बी झडलं की दोन दिवस,” मावशी म्हणाली. “पहिली तीन वर्षं नव्हत्या सोडल्या. गवत उभ्या उभ्या वाळलं, काळं पडलं, खाली नवं फुटेना. तुम्ही एवढ्या लांबून येता. तुमचं उतरलेलं तोंड बघवलं नसतं मला.”

तिसऱ्या वर्षी वजन घसरलं होतं खरं. मॅडमनी ते कमी पावसावर ढकललं होतं.

अकरा वर्षांच्या मेहनतीवर पाणी पडलं होतं. लेंड्या पायानं सारून गप्प बसता आलं असतं, कुणाला पत्ताही लागला नसता. तसा विचार त्यांच्या मनात येऊनही गेला. पण डोक्यात किडा वळवळायला लागला होता, आणि तो काही गप्प बसू देईना.

“पण हे मेंढ्यांमुळेच झालं कशावरून? पुढे पाऊसही बरा झाला होता.”

मावशीनं कुंपणातल्याच, ओढ्याकडच्या कोपऱ्याकडे बोट केलं. तिथं गवताची नुसती काळी, मेलेली बुडखी होती. जमीनच खराब म्हणून मॅडम तिकडे कधी फिरकल्या नव्हत्या. आता नीट बघितलं, तर कोपऱ्याला काटेरी फांद्यांची आडवी रांग लावलेली होती.

“तेवढ्या तुकड्यात नाही सोडल्या कधी,” मावशी म्हणाली. “मलाही तोच प्रश्न पडला होता.”